फोर्झा मोटरस्पोर्ट (२०२३) : दिव्यांग खेळाडूंसाठीच्या सोयी

फोर्झा मोटरस्पोर्ट हा मोटारशर्यतीचे हुबेहूब अनुकरण करणारा व्हिडिओ गेम. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात रेडमंड येथे असलेल्या टर्न टेन स्टुडिओजने तो तयार केला आणि मायक्रोसॉफ्टने १० ऑक्टोबर २०२३ रोजी एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस आणि संगणक यांसाठी प्रसिद्ध केला. २००५ मध्ये सुरू झालेल्या मालिकेतील हा आठवा मुख्य भाग आहे. अजिबात न दिसणाऱ्या खेळाडूला केवळ कानाच्या आधाराने गाडी चालवता यावी यासाठी त्यात ध्वनिखुणांची स्वतंत्र व्यवस्था आहे. एका हाताने, किंबहुना एकाच बटणाने, शर्यत खेळण्याची सोयही आहे. २०२३ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात सुगम्यतेतील नावीन्याचा पुरस्कार या खेळाला मिळाला.

मोटारशर्यतीचा खेळ दृष्टिहीनांना खुला करणे हे काम विशेष अवघड का, हे आधी पाहायला हवे. हाणामारीच्या खेळांत प्रत्येक ठोशाला, उडीला ठरलेला आवाज असतो. त्यामुळे पूर्ण दृष्टिहीन खेळाडू ते खेळ वर्षानुवर्षे ऐकून खेळत आले आहेत. रस्त्याला मात्र स्वतःचा आवाज नसतो. वळण जवळ आले, ते उजवीकडे आहे, आधी सौम्य आणि मग आवळत जाणारे आहे, ही सगळी माहिती डोळा एका नजरेत टिपतो, आणि पुढच्या क्षणी ती बदललेली असते. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे ५५ मीटर अंतर कापते. तेवढ्या अवधीत निवेदकाने ‘पुढे उजवे वळण’ असे वाक्य म्हणायचे ठरवले, तर वाक्य संपेपर्यंत गाडी वाळूत रुतलेली असेल. शब्द इथे अपुरे पडतात. माहिती अखंड आणि नेमक्या क्षणी मिळायला हवी, शिवाय ती इंजिनाच्या गर्जनेतून वेगळी ओळखू यायला हवी.

शर्यतीच्या खेळांत साहाय्याची परंपरा तशी जुनी आहे. रस्त्यावर रंगीत रेघ उमटवून गाडीचा योग्य मार्ग सुचवायचा आणि ब्रेक लावायची वेळ आली की ती रेघ लाल करायची, ही सोय फोर्झाच्या २००५ च्या पहिल्याच भागात होती. चाके जाम होऊ न देणारे ब्रेक, घसरण रोखणारे नियंत्रण, आपोआप बदलणारे गिअर हेही होतेच. चूक झाल्यास काही सेकंद मागे जाऊन वळण पुन्हा घेण्याची सोय फोर्झा मोटरस्पोर्ट ३ (२००९) मध्ये आली. ब्रिटनच्या कोडमास्टर्सने २००८ च्या ग्रिडमध्ये ती आधी आणली होती. यातले काहीच मुळात दिव्यांगांसाठी केलेले नव्हते. नवशिक्याचा हिरमोड होऊ नये एवढाच हेतू. तरी ज्यांचे हात थरथरतात किंवा ज्यांच्या बोटांत जोर नाही, अशा कितीतरी लोकांना या सोयींनीच खेळाचे दार पहिल्यांदा उघडून दिले.

त्यात उणिवा होत्या. मार्गरेघेची सारी भिस्त रंगावर. तांबडा-हिरवा भेद न दिसणाऱ्याला ती अर्धीच कळे. मालिकेच्या काही आधीच्या भागांत साहाय्य बंद ठेवणाऱ्या खेळाडूला जादा क्रेडिट मिळत, म्हणजे ज्याला साहाय्यावाचून खेळताच येत नाही त्याची कमाई कायम कमी. कौशल्याला बक्षीस द्यावे, यात गैर काही नाही. पण शारीरिक गरजेला दंड होतो तेव्हा तो अन्यायच असतो, आणि खेळ बनवणाऱ्यांच्या हे बरीच वर्षे ध्यानात आले नाही.

आवाजावर चालणारी शर्यत ही कल्पना मोठ्या स्टुडिओंच्या कितीतरी आधी दृष्टिहीनांच्या वर्तुळात रुजली होती. ‘टॉप स्पीड’ नावाची संगणकावरची मालिका पडद्यावर चित्र न दाखवता केवळ ऐकून खेळली जाई. पुढचे वळण डावे की उजवे, सोपे की अवघड, हे शेजारी बसलेल्या साथीदाराच्या आवाजात कळे. रॅलीच्या खऱ्या शर्यतींतही सहचालक वळणांची टिपणे वाचून दाखवतो आणि चालक त्या शब्दांवर विसंबून गाडी फेकतो. मुंबईत आणि भारतातील इतर शहरांत होणाऱ्या अंधांच्या कार रॅलीत हे नाते उलट्या बाजूने दिसते. तिथे गाडी डोळस माणूस चालवतो, पण मार्गाचा तक्ता ब्रेलमध्ये असतो आणि तो फक्त शेजारच्या दृष्टिहीन मार्गदर्शकालाच वाचता येतो.

पुढच्या कामाची दिशा ठरवणारे दोन प्रयोग अमेरिकेत झाले. २९ जानेवारी २०११ रोजी डेटोना येथील शर्यतपथावर मार्क रिकोबोनो या दृष्टिहीन गृहस्थांनी फोर्ड एस्केप ही खरी मोटार स्वतः चालवली. व्हर्जिनिया टेकच्या अभियंत्यांनी हातमोज्यांत आणि आसनात कंपनयंत्रे बसवली होती. किती वळायचे ते बोटांना कळे, किती वेगाने जायचे ते पाठीला आणि मांड्यांना. यामागे अमेरिकेतील ‘नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड’ ही संस्था होती आणि तिचा आग्रह स्पष्ट होता : गाडीने स्वतः चालायचे नाही, माहिती द्यायची, निर्णय चालकाचा. २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील ब्रायन स्मिथ आणि श्री नायर यांनी हाच विचार खेळात आणला. त्यांच्या ‘रेसिंग ऑडिटरी डिस्प्ले’ या रचनेत दोन भाग होते. एक ध्वनी गाडीचा वेग आणि तिचा रोख सांगत राही; दुसरी खूण येणाऱ्या वळणाची दिशा, तीव्रता आणि लांबी आधीच कळवी. साध्या हेडफोनवर ती चाले. दृष्टिहीनांसाठी खेळ सोपा करून देण्याऐवजी डोळस खेळाडूइतकीच मोकळीक त्यांच्या हाती देणे, हे या दोघांचे उद्दिष्ट होते. या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

फोर्झा मोटरस्पोर्टमधील दृष्टिहीन-चालन साहाय्य याच विचाराला धरून आहे. ते घडवताना टर्न टेनने ब्रँडन कोल या दृष्टिहीन सल्लागाराची मदत घेतली. कोल स्वतः कसलेले खेळाडू होते. नॉटी डॉग स्टुडिओच्या ‘द लास्ट ऑफ अस : भाग २’ (२०२०) या खेळातील सुगम्यतेच्या कामातही त्यांचा सहभाग होता. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. बनून तयार झालेला खेळ शेवटी दृष्टिहीन माणसाकडून ‘तपासून’ घेण्याचा रिवाज या क्षेत्रात जुना आहे. आराखडा मांडतानाच त्याला शेजारी बसवले की काय साधते, हे या खेळात ऐकू येते.

ही व्यवस्था म्हणजे एकमेकांत न मिसळणाऱ्या अनेक आवाजांचा संच आहे. गाडी पथाच्या डाव्या कडेला सरकत असेल तर खूण डाव्या कानात येते, उजव्या कडेला असेल तर उजव्या; म्हणून हेडफोन जवळजवळ आवश्यक ठरतो. वळण कोणत्या दिशेला आहे, ते कधी सुरू होते आणि कुठे सुटते, वेग कधी कमी करायला हवा, गिअर केव्हा बदलावा, यांसाठी निरनिराळे ध्वनी आहेत. खेळाडूला हवी ती खूण ठेवता येते, नको ती बंद करता येते, प्रत्येकीचा आवाज कमीजास्त करता येतो. सुरुवातीला सगळ्या खुणा एकदम ऐकल्या की कान गोंधळतात. सराव वाढला, शर्यतपथ अंगवळणी पडला की एकेक खूण गळत जाते आणि उरतात तेवढ्या मोजक्या खुणांवर खेळाडू गाडी हाकतो.

मोटारीचे स्वतःचे आवाजही इथे माहितीच ठरतात. मालिकेच्या आधीच्या भागांत टायर आणि रस्ता यांचा संपर्क एकाच बिंदूवर, सेकंदाला ६० वेळा मोजला जाई. या भागात तो प्रत्येक टायरच्या आठ बिंदूंवर, सेकंदाला ३६० वेळा मोजला जातो. डोळस खेळाडूला याचा अर्थ गाडी अधिक खरी वाटते एवढाच. दृष्टिहीन खेळाडूला मात्र टायरच्या किंकाळीतून पकड सुटू लागल्याचे कळते, कडेच्या खडबडीत पट्ट्याच्या थरथरीतून पथाची सीमा कळते आणि इंजिनाच्या चढत्या सुरातून गिअरची वेळ कळते.

कॅलिफोर्नियातील लागुना सेका हा शर्यतपथ या खेळात आहे. त्यावरचे ‘कॉर्कस्क्रू’ हे वळण चढाच्या माथ्यावर डावीकडे वळते आणि लगेच उजवीकडे खाली कोसळते. जवळपास १८ मीटरची उतरण काही क्षणांत संपते. वळायला सुरुवात करायची त्या क्षणी पुढचा रस्ता डोळस चालकालाही दिसत नाही. तो पाठ असावा लागतो. उत्तम चालक निम्मी शर्यत स्मरणावर आणि अंगातल्या जाणिवेवर चालवतो, हे अशा ठिकाणी पटते. मग ते स्मरण कानांनी बांधले म्हणून शर्यत कमी अस्सल कशी होईल?

हातापायांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या खेळाडूंसाठी ‘वन टच ड्रायव्हिंग’ आहे. स्टिअरिंग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर, गिअर यांपैकी खेळाडूला जे झेपेल ते त्याच्याकडे ठेवायचे आणि उरलेले खेळाने सांभाळायचे. एखादा फक्त स्टिअरिंग हाताळेल, एखादा फक्त वेग. दृष्टिहीनांची व्यवस्था माहिती वाढवते, ही व्यवस्था श्रम कमी करते. दोन्हींच्या मुळाशी तत्त्व मात्र एकच : निदान एक खरा निर्णय माणसाकडे राहिला पाहिजे. सगळेच खेळाने केले तर समोर उरते ती निव्वळ चित्रफीत.

याला उपकरणांची जोड लागते. मायक्रोसॉफ्टच्या २०१८ च्या एक्सबॉक्स अ‍ॅडॅप्टिव्ह कन्ट्रोलरवर दोन मोठी बटणे आहेत आणि मागच्या बाजूला ३.५ मिलिमीटरच्या १९ खोबणी. त्यांत पायाने दाबायचे, हनुवटीने हलवायचे किंवा कोपराने ढकलायचे असे निरनिराळे स्विच जोडता येतात. खऱ्या शर्यतींतही ही वाट काहींनी घालून दिली आहे. २००१ मध्ये जर्मनीतील लाउझिट्झरिंगवरच्या अपघातात दोन्ही पाय गमावलेले इटलीचे अ‍ॅलेक्स झानार्डी २०१९ मध्ये डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत हाताने चालणाऱ्या नियंत्रणांसह बीएमडब्ल्यू घेऊन उतरले. ब्रिटनच्या बिली माँगर यांनी २०१७ च्या अपघातात दोन्ही पाय गमावले आणि २०१९ मध्ये फ्रान्समधील पो ग्रां प्री जिंकली. फ्रेदेरिक सोसे यांनी चारही हातपाय गमावल्यावर २०१६ ची ल मां येथील २४ तासांची शर्यत पूर्ण केली. यांच्यापैकी कोणालाही शर्यत सोपी करून मिळाली नाही. मोटार त्यांच्या शरीराला जुळवून घेतली गेली.

बाकीच्या सोयी इथे थोडक्यात नोंदवतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारा निवेदक, अक्षरांचा आकार बदलण्याची सोय, ठळक विरोधी रंगांची मेनूरचना, रंगभेद न दिसणाऱ्यांसाठी पर्याय, उपशीर्षके, आणि गप्पांतील बोलण्याचे मजकुरात व मजकुराचे बोलण्यात रूपांतर. शेवटच्या सोयीमागे कायदाही आहे. अमेरिकेच्या २०१० च्या संपर्कविषयक सुगम्यता कायद्यातून व्हिडिओ गेमना मिळालेली सवलत २०१८ च्या अखेरीस संपली आणि खेळांतील संभाषण दिव्यांगांना वापरता येणे बंधनकारक झाले. श्रवणहीनांसाठी जे झाले ते याच कुळातल्या ‘फोर्झा होरायझन ५’ मध्ये पाहावे. इंग्लंडच्या लेमिंग्टन स्पा येथील प्लेग्राउंड गेम्सने नोव्हेंबर २०२१ मध्ये आणलेल्या या खेळाची शर्यतभूमी मेक्सिको. मार्च २०२२ मध्ये त्यातील दीडशेहून अधिक प्रसंगदृश्यांना अमेरिकी व ब्रिटिश सांकेतिक भाषांचे दुभाषे जोडले गेले. एकट्याने खेळताना खेळाचा वेग कमी करण्याची सोयही त्यात आहे. विचार तोच, प्रतिक्रिया मंद असेल तर घड्याळानेच थोडे थांबावे.

मर्यादा उरतातच. ध्वनिखुणा रस्त्याविषयी जितके नेमके बोलतात तितके शेजारच्या गाड्यांविषयी बोलणे अवघड असते. वीसेक मोटारींच्या गर्दीत प्रतिस्पर्धी आत घुसतो आहे की मागे पडतो आहे, हे निव्वळ ऐकून ओळखणे फार कठीण. इतक्या खुणा शिकायला पुष्कळ वेळ द्यावा लागतो, आणि तो वेळ डोळस नवशिक्याला द्यावा लागत नाही. खेळात मराठी नाही, त्यामुळे पडदा वाचून दाखवणाऱ्या निवेदकाचा उपयोग फक्त मराठी जाणणाऱ्या दृष्टिहीन मुलाला होत नाही. खुद्द शर्यतीत मात्र त्याचे काही अडत नाही, कारण डाव्या आणि उजव्या कानातल्या त्या खुणांना भाषा लागत नाही. अडते ते मेनूत : गाडी निवडताना, साहाय्याची मांडणी बदलताना, शर्यत सुरू करताना. तेवढे मेनू मराठीत बोलू लागले, तर पुढचे सगळे त्या मुलाला आजही खेळता येईल.