एका कलमाची किंमत

आमच्या नोकरीचा धर्मच असा की, कोणताही कागद हाती आला म्हणजे नजर आधी तळाच्या बारीक अक्षरांकडे जाते. कोलकात्यास बदली झाल्यावर मिर्झा गालिब स्ट्रीटवरील जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतही ही खोड सुटली नाही. आम्हांस नाद आहे तो अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘सोल’ संगीताचा, आणि त्यातही अनेक गायकांची निवडक गाणी एकत्र देणाऱ्या तबकड्यांचा. पुष्कळ रसिक त्यांस हलक्या लेखतात. आमच्या मते त्या इतिहासाच्या फायली होत.

आमच्या संग्रही अशा दोन तबकड्या आहेत. ‘धिस इज सोल’ ही ॲटलांटिक कंपनीची, १९६८ मधील. ‘सोल एक्स्प्लोजन’ ही स्टॅक्सची, १९६९ मधील. एडी फ्लॉइड दोहोंत भेटतो. ओटिस रेडिंग मात्र केवळ पहिलीत. वस्तुतः रेडिंग स्टॅक्सच्या अंगणातच वाढला. मग घरच्याच मेळ्यात तो का नसावा?

स्टॅक्स ही मेम्फिस शहरातील कंपनी. जिम स्टुअर्ट आणि त्याची बहीण एस्टेल ॲक्स्टन ही दोघेही बँकेत नोकरी करणारी. बहिणीने घर गहाण ठेवून ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेतले. १९६० मध्ये एक बंद पडलेले चित्रपटगृह भाड्याने घेतले आणि पुढील वर्षी दोघांच्या आडनावांतील आद्याक्षरे जुळवून कंपनीचे ‘स्टॅक्स’ हे नाव ठेविले. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या शहरात येथील वाद्यवृंदात दोन गोरे व दोन कृष्णवर्णीय वादक एकत्र बसत.

वितरणाचे काम ॲटलांटिककडे होते, तेही प्रथम केवळ शब्दावर. १९६५ मध्ये लेखी करार झाला आणि स्टुअर्टने तो बारकाईने न वाचताच सही केली. १९६७ मध्ये ॲटलांटिक विकली गेली. त्याच डिसेंबरात रेडिंग विमान अपघातात मरण पावला. १९६८ मध्ये संबंध तोडण्याची वेळ आली, तेव्हा उलगडा झाला की, वितरित झालेल्या सर्व मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी एका कलमान्वये ॲटलांटिककडे गेली होती.

सारे गेले, तरी स्टॅक्स खचली नाही. १९६९ मध्ये तिने एकदम २५ हून अधिक नव्या तबकड्या काढल्या. ‘सोल एक्स्प्लोजन’ त्यांतलीच. तिच्यातील रेडिंगची अनुपस्थिती म्हणजे त्या कलमाची साक्षच होय. पुढे १९७५ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले, १९८९ मध्ये वास्तू पाडली गेली, आणि २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय उभे राहिले.

वरिष्ठांपुढे सहीसाठी कागद ठेवणे हे आमचे नित्याचे काम. कोणी घाईने लेखणी उचलली की, आमचे बोट आपोआप शेवटच्या कलमावर जाते. साहेब क्वचित त्रासतात. पण आम्ही बोट उचलीत नाही.