हॅलो लॉर्ना

'हॅलो लॉर्ना' हा कोंकणी गायिका लॉर्ना कोर्देरो यांचा १९९५ मधील गीतसंग्रह होय. पियानोवादक रॉनी मॉन्सेरात यांच्या सहयोगाने तो सिद्ध झाला. सुमारे दोन दशके गाण्यापासून दूर राहिलेल्या गायिकेचा आवाज त्यातून श्रोत्यांना पुन्हा लाभला. त्याचे खरे महत्त्व याच गोष्टीत आहे.

मुंबईत चर्चगेट परिसरातील उपाहारगृहांत १९६० च्या दशकात गोमंतकीय वादकांचे जॅझ वाद्यवृंद गाजत असत. मडगावचे ख्रिस पेरी हे त्या पिढीतील ट्रम्पेट व सॅक्सोफोनवादक. त्यांनी जॅझचा ठेका आणि वाद्यमेळ कोंकणी गीतांत आणला व ती गीते लॉर्ना यांच्याकडून गाऊन घेतली. 'बेबदो' (अर्थ : दारुडा) हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय गीत. विषय रांगडा, पण किंचित घोगऱ्या, ठसकेबाज गायनामुळे ते ग्रामीण गोव्यातही घरोघरी पोहोचले. पुढे ही जोडी विभक्त झाली आणि लॉर्ना रंगमंचापासून दुरावल्या.

त्यांना पुन्हा गाण्याकडे वळवण्याचे श्रेय मॉन्सेरात यांना जाते. आपल्याकडे हार्मोनियम बहुधा गायकाच्या मागोमाग चालते. जॅझमधील पियानो मात्र अनेक स्वर एकत्र वाजवून गळ्याखाली स्वरसंगतीची भूमी अंथरतो. दीर्घ खंडानंतर गाणाऱ्यास असा आधार मोलाचा ठरतो.

लॉर्ना व पेरी यांच्या जीवनावरून प्रेरित असलेल्या, बार्डरॉय बारेटो दिग्दर्शित 'नाचूंया कुंपासार' या कोंकणी चित्रपटास सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. या जोडीची जुनी गीते त्यात नव्याने ध्वनिमुद्रित केलेली आहेत.