सोडतीची कुळकथा

म्हसवडच्या आसपास पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक रुपयात किती पैसे आलं तो आकडा, कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पन्नास पैशांच्या खाली गेली तर दुष्काळ, वर राहिली तर नाही, असा हिशेब वर्षानुवर्षं होता. पूर्वी हा आकडा नजरेच्या अंदाजावर काढत, आणि भांडणं त्यावरूनच होत. शेतात चौकोन आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि तो चौकोन कुठे पडेल हे शेतकऱ्यानेही ठरवायचं नाही, तलाठ्यानेही नाही, ते सोडतीच्या आकड्यांवर सोडायचं, ही पीक कापणी प्रयोगाची रीत देशात रुजवणाऱ्यांमध्ये पांडुरंग वासुदेव सुखात्मे आघाडीवर होते. त्यांचा जन्म 1911 साली शेजारच्याच खटाव तालुक्यात, बुध गावी झाला. लंडनला संख्याशास्त्र शिकून ते परतले आणि कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. चौकोन फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं, हे त्यांनी दाखवून दिलं. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, तिथे कापणाऱ्याचा हात आतल्या बाजूला झुकतो. त्यावरून संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्याशी त्यांचा वाद झाला, तोही जोरदार.

हीच सोडत आज औषधाची, लशीची, तपासणीची किंमत ठरवते. दवाखान्यात ती शेतातूनच आली.

त्याआधीची तुलना कशी असे, ते प्लेगच्या वर्षांत दिसतं. जानेवारी 1897मध्ये प्लेगची लस बनवणारे हाफकिन यांनी मुंबईत भायखळ्याच्या तुरुंगात ती टोचली. टोचून घेतलेल्यांत प्लेग कमी दिसला, पण टोचून घ्यायला जे आपणहून पुढे आले, ते मुळातच धडधाकट नसतील कशावरून? पुढच्याच वर्षी गायकवाडांच्या बडोदा संस्थानातल्या उंडेरा गावात त्यांनी ही फट बुजवायचा प्रयत्न केला. प्रत्येक घरातली साधारण निम्मी माणसं टोचली, निम्मी तशीच ठेवली. घर एक, उंदीर तेच. ज्या घरांत प्लेग शिरला तिथे टोचलेल्या 71 जणांपैकी 3 दगावले, न टोचलेल्या 64 जणांपैकी 26. तरीही कोणता निम्मा निवडायचा हे माणसानेच ठरवलं होतं. 1915मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी टायफॉइड आणि कॉलऱ्याच्या लशींचे आकडे तपासताना अट घातली, की दोन्ही गट बाकी सगळ्या बाबतींत सारखे हवेत. सारखे करायचे कसे, याचं उत्तर पुढच्या दशकात रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेतांवर दिलं: खत कोणत्या वाफ्याला, ते सोडतीने ठरवा. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी तेच क्षयरोग्यांवर वापरलं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन सगळ्यांना पुरणारं नव्हतं, म्हणून कुणाला द्यायचं ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठेवलं. सहा महिन्यांत औषधाच्या गटात 55पैकी 4 मृत्यू, दुसऱ्या गटात 52पैकी 14. हे 1948 साली छापून आलं.

आता म्हसवडहून पंढरपूरमार्गे बार्शीला येऊ. 1987मध्ये इथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीचे डॉ. भगवान नेने आणि मुंबईच्या संख्याशास्त्रज्ञ कस्तुरी जयंत यांची ही खटपट. खेड्यातला मृत्यू दवाखान्याच्या कागदावर येतोच असं नाही, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव फिरत. हे काम कुणाला रटाळ वाटेल. माझ्या मते सगळ्या कथेत मोलाचं तेच. ज्या भागात कोण कशाने गेलं हे कळत नाही, तिथे कसलीच तुलना उभी राहत नाही.

या पायावर 1999 सालापासून उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठा प्रयोग झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तीन तपासण्या होत्या: एचपीव्ही विषाणूची चाचणी, पेशींची पॅप तपासणी आणि ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचेच उपचार, म्हणजे व्यवहारात तपासणी नाहीच. सोडत बायकांची नव्हे, गावांच्या 52 समूहांची काढली. एकाच आळीत एकीची तपासणी झाली आणि दुसरीची नाही, तर दुसरी गप्प बसणार का? मात्र समूहांची सोडत काढली की हिशेब बदलतो. एका गावातल्या बायका बऱ्याच बाबतींत एकमेकींसारख्या असतात, म्हणून सव्वा लाखाहून जास्त बायका असूनही आकड्यांचं बळ त्या मानाने कमी पडतं. ते किती कमी, हे संख्याशास्त्रज्ञच काढून देतो.

प्रत्येक गटात एकतीस ते चौतीस हजार बायका होत्या. आठ वर्षांत या कर्करोगाने एचपीव्हीच्या गटात 34 मृत्यू झाले, पॅपच्या गटात 54, डोळ्यांनी पाहण्याच्या गटात 56 आणि चौथ्या गटात 64. 2009 साली निकाल आला आणि एचपीव्ही चाचणीची किंमत जगाला कळली. पॅप तपासणी अनेक दशकं माहीत असताना एका गटाला काहीच न देणं योग्य होतं का, असा आक्षेप पुढे अशा भारतीय प्रयोगांवर घेतला गेला. या गावांत आधीही कुणी तपासत नव्हतं, हे उत्तर मला अर्धंच पटतं. पण ते 64 बाजूला काढले तर 34ला काही अर्थ उरत नाही, हेही खरं.

गंमत पुढेच आहे. उस्मानाबादेत डोळ्यांनी पाहण्याची तपासणी एकदाच केली, तिथे मृत्यूंत ठोस घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या पथकाने तीच तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तो निकाल 2014चा. तपासणी तीच, किंमत वेगळी, कारण मोजलं ते ‘एकदा’ आणि ‘वरचेवर’. त्यात खर्चही आला. एचपीव्ही चाचणीला यंत्र आणि प्रयोगशाळा लागते, ॲसिडला कापसाचा बोळा. अशा हिशेबांसाठी केंद्र सरकारने 2017मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची स्वतंत्र यंत्रणा उभी केली. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या सरकारी मार्गदर्शिकेत 30 ते 65 वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी तपासणी सांगितली होती, ती ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची. जागतिक आरोग्य संघटनेने 2021मध्ये पसंती दिली एचपीव्ही चाचणीला.