सापाच्या विषातून सापडलेले प्रथिन

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत लावणीच्या दिवसांत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांची भीती कुणाला समजावून सांगावी लागत नाही. या चौघांवरचे औषध घोड्याच्या रक्तातून येते. घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचतात आणि त्याच्या रक्तातली प्रतिपिंडे वेगळी काढतात. प्लेगच्या संशोधनासाठी १८९९ साली मुंबईत सुरू झालेल्या, परळच्या हाफकिन संस्थेने पुढे हे औषध तयार केले. आता मोनोक्लोनल, म्हणजे एकाच जातीची, प्रतिपिंडे आल्यावर या विद्येला जुनाट ठरवले जाते. मला ते पटत नाही, कारण चेतातंतूंच्या वाढीचे कोडे आधी सुटले ते याच विद्येच्या आधाराने.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसला रिटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन उंदराच्या गाठीतला असा पदार्थ शोधत होते, ज्याने कोंबडीच्या गर्भातले चेतातंतू भराभर वाढत. त्यातली न्यूक्लिक आम्ले मोडण्यासाठी त्यांनी सापाचे विष मिसळले, तर वाढ उलट जोरात झाली! ते प्रथिन विषातच भरपूर होते. पुढे ते उंदराच्या लाळग्रंथींतही सापडले. कोहेन यांनी सशाच्या रक्तातून त्याविरुद्ध प्रतिद्रव मिळवला. तो नवजात उंदरांना टोचताच त्यांच्या अनुकंपी चेतापेशी जवळजवळ नाहीशा झाल्या. प्रथिन अडवले की काय बिघडते, यावरून त्याचे काम कळले. या शोधाला १९८६ साली नोबेल मिळाले.

सशाचा प्रतिद्रव म्हणजे अनेक प्रतिपिंडांची सरमिसळ, मग निष्कर्ष पक्का कसा, ही शंका रास्त आहे. १९८२ साली डुकराच्या मेंदूतून याच कुळातले दुसरे प्रथिन मिळाले, तेव्हा ती अधिकच टोचू लागली. सरमिसळीला अशा भावंडांत गल्लत करणे सोपे असते. तिथे शास्त्रज्ञ कोलर आणि मिलस्टाइन यांची १९७५ ची मोनोक्लोनल युक्ती कामी आली: प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगी पेशीशी जोडायची आणि एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तितके मिळवायचे. तरीही ते दुसऱ्याच प्रथिनाला चिकटत नाही ना, हे तपासावेच लागते.

मग घोड्याला निवृत्त करावे का? विषात अनेक घातक घटक असतात. एकच प्रतिपिंड त्यांना पुरे पडत नाही. तिथे सरमिसळ हीच ताकद ठरते. उलट, चेतातंतू वाढवणाऱ्या त्या पहिल्या प्रथिनाला अडवून सांधेदुखी शमवू पाहणाऱ्या टॅनेझुमॅब या मोनोक्लोनल औषधाने काही रुग्णांचे सांधेच झिजवले. २०२१ साली अमेरिकी सल्लागार समितीने त्याच्याविरुद्ध कौल दिला आणि ते विकसित करणाऱ्या कंपन्यांनी काम सोडून दिले.