मुक्तस्रोत संकेतस्थळ-आज्ञावली

संकेतस्थळ उभारणे, त्यावरील मजकूर व चित्रे साठविणे आणि ती वेळोवेळी बदलणे या कामांसाठी वापरली जाणारी व मूळ संकेतावली सर्वांस खुली असलेली संगणकीय आज्ञावली. वर्डप्रेस, द्रूपल व जूमला ही तिची प्रमुख उदाहरणे होत. अशी आज्ञावली कोणासही विनामूल्य वापरता येते, तीत बदल करता येतात आणि तिच्या प्रती इतरांस देता येतात. विदर्भातील यवतमाळ जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळही अशाच आज्ञावलीच्या आधारे चालते. तथापि आज्ञावली सर्वांची असली, तरी तिचे नाव, तिची वितरणव्यवस्था व तिच्यावर मिळणारा पैसा सर्वांचा नसतो. स्वयंसेवी समुदाय व व्यापारी संस्था यांच्यातील वारंवारच्या तंट्यांचे मूळ या विसंगतीत आहे.

उगम : या चळवळीची वैचारिक बैठक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पात आढळते. या प्रकल्पासाठी १९८९ मध्ये सार्वजनिक परवान्याचा (जीपीएल) मसुदा तयार झाला व १९९१ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. खुल्या आज्ञावलीत बदल करून ती इतरांस देणाऱ्याने तीच मोकळीक पुढील व्यक्तीसही दिली पाहिजे, हे या परवान्याचे मुख्य तत्त्व होय. आज्ञावली विकण्यास किंवा तिच्यावर आधारित सेवा देऊन पैसे मिळविण्यास त्याची हरकत नाही. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली.

बेल्जियममधील ड्रीस बायटार्ट यांनी २००१ मध्ये द्रूपल प्रसिद्ध केले. फ्रेंच आज्ञावलीकार मिशेल वाल्ड्रीगी यांच्या बी-२ या आज्ञावलीचे काम थंडावल्यावर अमेरिकेतील मॅट मलनवेग व इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तिच्या आधारे २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. मूळ कर्त्याने काम थांबविले, तरी दुसऱ्यास ते पुढे नेता येते, हा या परवान्याचा लाभ वर्डप्रेसच्या जन्मातच दिसून आला.

व्यवसाय : आज्ञावली फुकट असल्याने उत्पन्न तिच्याभोवतीच्या कामांतून येते. संकेतस्थळांना सर्व्हरवर जागा देणे, त्यांची रचना व देखभाल करणे आणि पूरक आज्ञावली (प्लगिन) विकणे हे त्याचे मुख्य मार्ग होत. मलनवेग यांनी २००५ मध्ये ऑटोमॅटिक ही कंपनी स्थापन केली, तर बायटार्ट २००७ मध्ये अ‍ॅक्विया या कंपनीचे सहसंस्थापक झाले. प्रकल्पाचा नेता आणि त्याच क्षेत्रातील व्यावसायिक या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या.

गावचे गायरान जनावरे वाढली की चराईने संपते. आज्ञावली प्रतींनी संपत नाही. तिच्या बाबतीत खर्ची पडतात ते सांभाळ करणाऱ्यांचे वेळ व श्रम. आज्ञावलीवर मोठा नफा मिळविणाऱ्याने या श्रमांत किती वाटा उचलावा, याविषयी परवाना मौन पाळतो. कंपन्यांनी आपल्या साधनसामग्रीचा ५ टक्के भाग वर्डप्रेसच्या विकासास द्यावा, असे आवाहन मलनवेग यांनी २०१४ मध्ये केले. ते बंधनकारक नव्हते.

नावाचे तंटे : पहिला मोठा तंटा माम्बो या आज्ञावलीबाबत झाला. तिचे नाव मिरो या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे होते. प्रकल्पासाठी नेमलेल्या प्रतिष्ठानाच्या रचनेत आपणास पुरेसे स्थान नाही, या कारणाने ऑगस्ट २००५ मध्ये प्रमुख विकासक बाहेर पडले. संकेतावली खुली असल्याने ती त्यांना नेता आली. नाव मात्र मागे राहिले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी जूमला या नव्या नावाने तीच आज्ञावली प्रसिद्ध केली. ‘सर्व मिळून’ या अर्थाच्या स्वाहिली शब्दावरून हे नाव घेतले आहे. त्याचे मूळ अरबी असून मराठी जमाखर्चातील ‘जुमला’ (एकूण बेरीज) हा शब्दही त्याच मुळाचा आहे.

वर्डप्रेसचे व्यापारचिन्ह २०१० मध्ये वर्डप्रेस प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आले. मात्र त्याच्या व्यापारी वापराचे हक्क ऑटोमॅटिककडे राहिले. सप्टेंबर २०२४ मध्ये मलनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या कंपनीवर, ती नफा घेते पण सामायिक कामास हातभार लावत नाही, अशी जाहीर टीका केली. ऑटोमॅटिकने तिच्याकडे उत्पन्नाच्या ८ टक्के रक्कम किंवा तेवढ्या मोलाचे श्रम मागितले. त्यानंतर प्रकल्पाच्या अधिकृत वितरण-सर्व्हरचा मार्ग तिला बंद करण्यात आला. परिणामी वादाशी संबंध नसलेल्या तिच्या ग्राहकांना सुधारित आवृत्त्या नेहमीच्या मार्गाने मिळेनाशा झाल्या. २ ऑक्टोबर रोजी कंपनीने कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात दावा लावला आणि १० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने हा मार्ग पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. दावा २०२५ मध्येही चालू राहिला. वितरण एकाच ठिकाणी केंद्रित असू नये, या हेतूने जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने फेअर हा पर्यायी प्रकल्प सुरू झाला.

महाराष्ट्र व यवतमाळ : महाराष्ट्रात या आज्ञावलींवर आधारित व्यवसाय प्रामुख्याने पुणे व मुंबई येथे वाढला. पुण्यातील आरटीकॅम्प (स्थापना २००९) ही वर्डप्रेसवर आधारित सेवा देणारी कंपनी आहे. वापरणारे व विकासक यांचे ‘वर्डकॅम्प’ हे मेळावे मुंबई, पुणे व नागपूर येथे भरले आहेत. वर्डप्रेसचे मराठी भाषांतर स्वयंसेवकांनी केले आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही मीडियाविकी या मुक्तस्रोत आज्ञावलीवर चालतो.

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामांत मुक्तस्रोत आज्ञावलीस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने जिल्हा प्रशासनांसाठी वर्डप्रेसच्या आधारे एस-३-वॉस ही सामायिक सेवा उभारली असून यवतमाळचे मराठी व इंग्रजी संकेतस्थळ तीवर आहे. १६ तालुके व २७,७२,३४८ लोकसंख्या (२०११) असलेल्या या जिल्ह्यातील निविदा, भरती व सूचना त्यावर प्रसिद्ध होतात. येथे आज्ञावलीची प्रत व तिचा सर्व्हर केंद्राच्या ताब्यात असल्याने परदेशातील व्यापारचिन्हाच्या तंट्याची झळ त्यास थेट पोहोचण्याचा संभव कमी आहे. पुसद किंवा वणी येथील महाविद्यालय, वृत्तपत्र वा दुकानदार यांची स्थिती निराळी असते. सर्व्हरवरील जागा एका कंपनीची, सुधारित आवृत्त्या दुसऱ्या ठिकाणच्या आणि देखभाल तिसऱ्याची, अशा साखळीवर त्यांचे संकेतस्थळ अवलंबून असते. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य त्यांनाही तितकेच आहे. परंतु ते वापरण्यासाठी आज्ञावली जाणणारा माणूस व मजकुराची स्वतःजवळ राखलेली प्रत यांची आवश्यकता असते.