सेकंड हँड सुपरस्पोर्ट: झेडएक्स-६आर की डेटोना ६७५? घेण्याआधी काय तपासायचं?

तीन वर्षं पगारातून पैसे साठवून मी सेकंड हँड सुपरस्पोर्ट शोधायला निघालो. शेवटी यादीत दोनच गाड्या उरल्या: २०१९ ची कावासाकी निंजा झेडएक्स-६आर आणि २०१४ ची ट्रायम्फ डेटोना ६७५. तेव्हा जे शिकलो ते थोडक्यात सांगतो.

कागदावरची तुलना

• झेडएक्स-६आर: ६३६ सीसी, ४ सिलिंडर, १३० पीएस, ७०.८ न्यूटन मीटर टॉर्क, वजन १९६ किलो
• डेटोना ६७५: ६७५ सीसी, ३ सिलिंडर, १२८ पीएस, ७४ न्यूटन मीटर टॉर्क, वजन १८४ किलो

पॉवर जवळपास सारखीच, पण डेटोना १२ किलोने हलकी. म्हणजे दर १०० किलोमागे झेडएक्सला ६६ पीएस मिळतात आणि डेटोनाला जवळपास ७०. शिवाय ३ सिलिंडरमुळे डेटोना मधल्या आरपीएमलाही छान ओढते. झेडएक्सची खरी मजा मात्र वरच्या आरपीएमला येते.

मग झेडएक्स का घ्यायची? इलेक्ट्रॉनिक्ससाठी. एबीएस दोन्हींत आहे, पण ट्रॅक्शन कंट्रोल फक्त झेडएक्समध्ये. मागचं चाक घसरायला लागलं की ईसीयू स्वतःच पॉवर कमी करतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर याची किंमत कळते. डेटोना ६७५ चं उत्पादनही बंद झालंय, त्यामुळे पार्ट्स मिळतात का ते आधीच विचारून ठेवा.

गाडी बघायला गेल्यावर

१. इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर गाडी आधीच सुरू करून ठेवलीय. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू व्हायला हवं.
२. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे ४ आकडे वाचा. ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. टायर जुना असेल तर नव्याचा खर्च भावातून कमी करून मागा.
३. पुढच्या फोर्कवर तेल आहे का बघा. असेल तर सील गेलंय.
४. इंजिन चालू ठेवून थोडी रेस द्या आणि बॅटरीवर मल्टिमीटर लावा. व्होल्टेज १३.५ च्या आसपासही जात नसेल तर चार्जिंगमध्ये गडबड आहे.

सगळ्यात महत्त्वाचं: आरसी

झेडएक्स मला इतकी आवडली होती की ५० हजार टोकन द्यायला मी फोन काढलाच होता. तेवढ्यात एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला, तर आरसीवर बँकेचा बोजा! मालक म्हणाला, "लोन कधीच फिटलंय." मी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागितला. आज देतो, उद्या देतो करत त्याने फोन उचलणंच बंद केलं.

बोजा उतरल्याशिवाय फॉर्म २९ आणि ३० भरूनही गाडी सरळ तुमच्या नावावर होत नाही. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर आरटीओची एनओसी आणि रोड टॅक्सचा खर्चही धरा.

माझं मत

रोज किंवा पावसात चालवणार असाल तर झेडएक्स. वीकेंडला घाटात फिरवायची असेल आणि चांगला मेकॅनिक ओळखीचा असेल तर डेटोना. मी मात्र अजून झेडएक्सच शोधतोय. फक्त आता आधी आरसी बघतो, मग गाडी.