माशासाठी माशी

आपल्या भाषेत 'मासा' आणि 'माशी' हे शब्द असे शेजारी बसले आहेत, की 'माशासाठी माशी' म्हटले म्हणजे ऐकणाऱ्याला ती कोटीच वाटावी. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या गळ टाकणाऱ्यांच्या लेखी हा पाच शतकांचा गंभीर विषय आहे. पिसे, लोकर, जनावराचे केस दोऱ्याने गळाच्या आकड्यावर गुंडाळायचे, किड्यामाशीचे सोंग उभे करायचे, आणि ते पाण्यावर फेकून मासा फसतो का ते पाहायचे. या सोंगाला ते लोक 'फ्लाय' म्हणतात. आज आपण पाहणार आहोत ती कार्प माशाची माशी. कार्प म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला, तोंडाशी चार मिशा असलेला मासा. आपले मच्छीमार त्याला 'सायप्रिनस' म्हणून ओळखतात. १९३९ साली तो सिलोनहून निलगिरीत आला आणि १९५७ मध्ये त्याची दुसरी जात बँकॉकहून आली.

१४९६ साली इंग्लंडात गळाच्या मासेमारीवर एक प्रबंध छापला गेला. त्यात बारा माश्यांची यादी आहे. कोणत्या महिन्यात कोणती माशी बांधावी, तेही सांगितले आहे. त्याच प्रबंधात कार्पही आहे. मासा चवीला उत्तम, पण देशात थोडा, आणि तोंडाचा मोठा बळकट, असे त्याचे वर्णन. मात्र त्याच्यासाठी एकही माशी नाही! म्हणजे एकाच पुस्तकात राहून दोघांची गाठ पडली नाही. पुढे १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनने कार्पला नद्यांची राणी म्हटले; परंतु राणीपुढे ठेवले काय, तर गांडूळ आणि कणकेचा गोळा. वर धीर धरण्याचा उपदेश. १६७६ साली चार्ल्स कॉटनने त्याच ग्रंथाला माशीवरचा भाग जोडला, तोही ट्राउट आणि ग्रेलिंग या माशांसाठी. ट्राउट वाहत्या पाण्यात वर येऊन किडे टिपतो, म्हणून माशी त्याची झाली. माशीला प्रतिष्ठा आली, तशी ट्राउटलाही आली. कार्प मात्र चिखलातच राहिला.

कार्पच्या कुळाला माशीचे वावडे नाही, हे कळायला मात्र हिंदुस्थानातल्या नद्या कामी आल्या. मद्रास इलाख्यातले मुलकी अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. महसीर हा त्याच कुळातला दांडगा मासा माशीलाही लागतो, आणि लागला की भल्याभल्यांचा दम काढतो, हे त्यातून विलायतेतल्या वाचकांना कळले.

आता अमेरिकेकडे वळू. तिथल्या नद्यांतले मासे घटू लागले, म्हणून सरकारने १८७१ मध्ये मत्स्य आयोग नेमला. त्याचे प्रमुख स्पेन्सर बेअर्ड यांना कार्प हे गरिबाचे अन्न वाटले. १८७७ साली रुडॉल्फ हेसेल यांनी जर्मनीहून ३४५ कार्प आणून बाल्टिमोरच्या तळ्यांत सोडले. मग काय विचारता! घरोघरचे शेतकरी अर्ज करू लागले, आणि रेल्वेने पिल्ले देशभर गेली. पण पंचवीसएक वर्षांत वारे फिरले. हा मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो, पाणवनस्पती उपटतो, बदकांचा चारा नासतो, अशी तक्रार झाली. ती खोटी नव्हती. पण ज्याला सरकारी खर्चाने बोलावून आणले, त्यालाच पुढे जाळी लावून आणि विष घालून मारण्याची वेळ आली, हेही खरे.

याच बदनाम माशामागे विसाव्या शतकाच्या अखेरीस माशीवाले लागले. १९९७ मध्ये तर त्यावर स्वतंत्र पुस्तक निघाले. त्यांना पहिला धडा मिळाला तो असा: ट्राउटची देखणी माशी इथे चालत नाही. कार्प काय खातो ते आधी पाहावे लागते. त्याच्या जबड्यात दात नाहीत, ते घशात आहेत. त्यांनी तो गोगलगाई आणि शिंपले फोडतो. तळातल्या अळ्या, झिंग्यासारखे क्रेफिश, हे त्याचे रोजचे जेवण. म्हणून माशी तपकिरी, काळपट, गढूळ हिरवी. आकडा वर तोंड करून बसेल अशी बांधणी, म्हणजे तो चिखलात रुतत नाही. वजन तर फार जपून ठरवायचे. जड माशी धप्पदिशी पडली की कार्प पळालाच, कारण त्याचे कान तिखट. फार हलकी झाली, तर ती तळाशी पोचेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो. काठावरच्या तुतीची फळे पिकून पाण्यात पडू लागली, की कार्प झाडाखाली जमतात. तेव्हा जांभळ्या रंगाचे तुतीफळच केसांचे बांधतात. आता त्याला माशी म्हणायचे का, हे तुम्हीच ठरवा!

एवढे करूनही कार्प ती ओठांनी अलगद ओढतो, पारखतो, आणि थुंकून टाकतो. दोरीला झटका म्हणून बसत नाही. डोके किंचित वळले, गालफड हलले, एवढ्यावरूनच काय ते ओळखायचे.

माशी कशी निवडावी, या प्रश्नाचे उत्तर पाचशे वर्षे माणूस आपल्या आवडीत शोधत होता. ते माशाच्या ताटात होते. मासा तोच, कधी राणी, कधी अन्नदाता, कधी उपद्रवी ठरला. त्याच्याकडे नीट पाहायला मात्र माणसाला फार उशीर लागला.